फॉरमॅट दोनदा मारला, रॅम बदलली, तरी डेस्कटॉप हँग? आधी तो हँग कसा होतो ते बघा

प्रश्न लांब होता, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, खाली माग आणि वर ऑफिस. ऑफिसात २०१२ च्या आसपास घेतलेला डेस्कटॉप, सेकंड जनरेशन आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. त्यावर टॅली, बिलिंग, जीएसटी आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नीट चालत होता, होळी झाल्यापासून दिवसातून तीन-चार वेळा हँग होतो, बटण दाबून धरून बंद करावा लागतो. दोनदा फॉरमॅट मारून झाला, रॅमची पट्टी बदलून झाली, आता दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. तर घेऊ का, का अजून काही करता येईल?

मी सोलापुरातच बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि स्पष्ट सांगतो, तुमचा खरा प्रॉब्लेम मदरबोर्ड आहे का नाही हा नाहीचे. खरा प्रॉब्लेम हा आहे की अजून कुणी रोग बघितलेलाच नाही, नुसती औषधं बदलतायत. "हँग होतो" हे "अंगात कसंतरी होतंय" म्हणण्यासारखं आहे, त्यात ताप पण आला, चक्कर पण आली आणि अ‍ॅसिडिटी पण आली. दुकानदाराला मी दोष देत नाही, आमच्या धंद्यात टेबलावर आठ मशीन पडलेली असतात, फॉरमॅट मारला की दोन दिवस कस्टमर गप्प बसतो, आणि मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलंय. पण तुमचं दोनदा फॉरमॅट मारून तेच होतंय, म्हंजे विंडोजमधला दोष असण्याची शक्यता बरीच कमी झाली, एवढा तरी फायदा त्या फॉरमॅटचा झाला म्हणायचं.

सगळ्यात आधी एक काम करा, बाकी काहीही करण्याअगोदर. टॅलीचा डेटा फोल्डर दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या, एक घरी न्या. हे मी का म्हणतोय ते हार्डडिस्कपाशी आल्यावर कळेल.

आता पुढच्या वेळी मशीन हँग झालं की लगेच बटण दाबू नका, दोन मिनिटं बसून बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा छोटा लाईट चालू-बंद होतोय का? माऊसचा बाण हलतोय का? कॅबिनेटच्या तोंडावर हार्डडिस्कचा लाल नाहीतर नारंगी लाईट असतो तो काय करतोय, एकसारखा पेटून राहिलाय, लुकलुकतोय, का पूर्ण बंद? एवढ्या तीन गोष्टींवर मला अर्धं निदान होतं. कॅप्स लॉकचा लाईट बदलत नाही, बाण गोठलाय, गाणं चालू असेल तर "घर्रर्र" असा आवाज अडकून राहिलाय, हा पक्का हँग, इथं संशय हार्डवेअरवर, म्हंजे गरम होणं, पॉवर, रॅम किंवा बोर्ड. पण कॅप्स लॉक चालतंय, बाण हलतोय, नुसतं क्लिक केलं की पांढरा पडदा येऊन "नॉट रिस्पॉन्डिंग" म्हणतोय आणि हार्डडिस्कचा लाईट एकसारखा पेटलाय, तर तो हँग नाहीच, ती हार्डडिस्कपुढं लागलेली रांग आहे, मशीन जिवंत आहे पण डिस्ककडून उत्तर येत नाहीये. दोन्हीला लोक हँगच म्हणतात आणि दोन्हीचा इलाज पूर्ण वेगळा. क्वचित हार्डडिस्क पार अडकली की बाण पण थांबतो, त्यामुळं ही परीक्षा शंभर टक्के नाही, पण दहातल्या आठ वेळा मला पुरते.

दुसरं, वहीत लिहून ठेवा. कितीला हँग झाला, तेव्हा काय चालू होतं, लाईट गेली-आली होती का, माग चालू होते का बंद. चार दिवस लिहा. वेळ जमली की कारण जवळजवळ सापडल्यात जमा. तुम्ही लिहिलंय होळीनंतर सुरू झालं, हे तुम्हाला साधं वाटलं असेल पण माझ्यासाठी ते सगळ्यात मोठं वाक्य आहे. होळीनंतर सोलापुरात काय बदलतं? ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडवरच्या ऑफिसात आतलं तर विचारूच नका. जानेवारीत जो कॉम्प्युटर कसाबसा तग धरून होता त्याला आता दहा-बारा डिग्री जास्त गरम हवा मिळतेय थंड व्हायला.

आणि खाली माग आहेत. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या टेक्निशियनला सांगून पटत नाही. घरातली धूळ वेगळी आणि मागावरची रुई वेगळी. धूळ बसते, रुई गुंतते. एकदा पूर्व भागातल्या एका शेडमधलं मशीन उघडलं होतं, प्रोसेसरवरचा फॅन काढला तर खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांवर रुईचा असा थर बसलेला की नखानं एका कडेनं उचलला तर अख्खी गोल चकती सुटून आली, फॅनच्या मापाची, मऊ, राखाडी, मध्ये लाल सुताचा एक तुकडा. फॅन जोरात फिरत होता, आवाज पण येत होता, पण हवा खाली जातच नव्हती. मालकांनी ती चकती हातात घेतली, चोळून बघितली आणि म्हणाले, "ह्याचं बी एक नॅपकिन निघंल बे." त्या मशीनला पण दोनदा फॉरमॅट मारलेला होता.

म्हणून तुमच्या केसमध्ये मी साफसफाईपासून सुरू करेन, ती जवळजवळ फुकट आहे. मेन वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडा. ब्लोअर असेल तर तो मारा, पण फॅनच्या पात्यात पेन्सिल नाहीतर बोट घालून फॅन धरून ठेवा, हवेच्या झोतानं फॅन भसाभस फिरवायचा नाही, त्यानं बेअरिंग जातं. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि ऑइलचा अंश असतो, आणि मी असे बोर्ड बघितलेत ज्यांना सकाळी कॉम्प्रेसरनं आंघोळ घातली आणि दुपारी ते गेले. ब्रश घेतला तर साधा रंगाचा मऊ ब्रश, घासायचं नाही, नुसतं झटकायचं. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याच्या, मागच्या जाळीतून पण हवा मारा, पण एसएमपीएस उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या पुढं करंट काही वेळ बसून असतो.

मग प्रोसेसरचा फॅन. इंटेलबरोबर येणाऱ्या फॅनला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात, काळं डोकं, खाली पांढरी पिन. ह्या चार पिना म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेली गोष्ट. प्लास्टिक दहा-बारा वर्षांत कडक होतं, एक पिन हळूच वर येते, फॅन एका बाजूनं मिलिमीटरभर उचलला जातो, वरून बघून कळत नाही, पण प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये फट पडते आणि टेंपरेचर चढतं. चारही कोपरे हातानं हलवून बघा, एक जरी डगडगला तर तिथंच चोर आहे. फॅन काढायचा तर चारही डोकी बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढायची. खाली जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची गरमी हीटसिंककडं नेणारा लेप, वाळलेल्या चुन्यासारखी दिसेल, ती कोरड्या कपड्यानं आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, नवीन पेस्ट तुरीच्या डाळीएवढीच घालायची, लोक भाकरीला लोणी लावल्यासारखी थापतात ते चूक. परत बसवताना समोरासमोरच्या पिना जोडीनं दाबायच्या, "टक्" आवाज आला पाहिजे, आणि मग बोर्ड तिरका करून मागून बघायचं की चारही पिना बाहेर आल्यात का.

टेंपरेचर बघायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हार्डवेअर मॉनिटर असतो, नाहीतर विंडोजमध्ये कुठलंही फुकटचं टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर. नुसतं बसलेलं असताना उन्हाळ्यात ४५-५० ठीक, काम करताना ७०-७५ पण चालेल. ८५-९० ला जाऊन टेकत असेल तर गडबड आहे. इथं एक बारकावा सांगतो, इंटेलचा प्रोसेसर गरम झाला की आधी स्वतःच हळू होतो आणि फारच झालं तर मशीन धाडकन बंद पडतं, म्हणजे नुसत्या प्रोसेसरच्या गरमीनं "गोठणं" तसं कमीच. पण त्या गरमीत शेजारचा चिपसेट, रॅम आणि प्रोसेसरला व्होल्टेज देणारे पार्ट पण भाजत असतात, आणि त्यांना हळू होता येत नाही, ते सरळ चुकतात. म्हणून टेंपरेचर ७५ दिसतंय तरी हँग होतोय, असंही होतं. एक सोपी परीक्षा: साफसफाईनंतर दुपारी पत्रा उघडा ठेवून टेबलफॅन सरळ आत मारून दिवसभर काम करा. हँग दिवसाला चारवरून शून्यावर आला तर बोर्ड फेकायची गरज नाही, हवा खेळवायची गरज आहे. आणि कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या, रुई खालीच जास्त असते.

आता पॉवर, इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ह्याच गोष्टीनं मला एकदा चांगलं तोंडावर पाडलंय.

असंच एका कारखान्याचं मशीन माझ्याकडं आलं, रोज हँग होतं म्हणून. दुकानात तीन दिवस चालू ठेवलं, एकदाही हँग नाही. परत पाठवलं, दुसऱ्याच दिवशी फोन, हँग झालं. परत आणलं, रॅम बदलली, चार दिवस चालवलं, ठणठणीत. परत पाठवलं, परत फोन, ह्यावेळी आवाज जरा चढलेला. मी म्हटलं बोर्डच असणार, माझ्याकडचा जुना बोर्ड टाकून दिला, तरी तेच. शेवटी मी सकाळपासून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो, दोन चहा झाले, जेवणाची सुट्टी झाली, मशीन मस्त चाललेलं. सुट्टी संपली, खाली जॉबरनं (मागांवरच्या मुकादमानं) हाक मारली आणि एकामागं एक माग चालू झाले. माझ्या डोक्यावरची ट्यूबलाईट एकदा मिणमिणली, यूपीएसमधून बारीक "टक्" आला, आणि माझ्या डोळ्यासमोर स्क्रीनवरचं घड्याळ एक वाजून बावन्न मिनिटांवर थांबलं. रोज तिथंच थांबत होतं, ऑपरेटरला वाटायचं जेवून आल्यावर आपण काहीतरी चुकीचं दाबतो.

झालं काय होतं ते समजून घ्या. मागाच्या मोटारी चालू होताना करंट ओढतात, त्या लाईनवरचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो. साध्या यूपीएसला ही उडी मारायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसनं स्वतःच्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या करंटवर काढायचा असतो, चांगला नवा एसएमपीएस १६-१७ मिलिसेकंद काढतो. पण दहा वर्षं गरम हवेत राहिलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर सुकलेले असतात, त्याला पाच मिलिसेकंद पण जड जातात. मग कधी मशीन रीस्टार्ट होतं, आणि कधी व्होल्टेज इतकंच बुडतं की रीस्टार्ट होत नाही पण आतलं गणित चुकतं आणि सगळं गोठतं. माझ्या दुकानात माग नव्हते, म्हणून दुकानात तो कधी आजारी पडलाच नाही. एसएमपीएस बदलला, ऑफिसची लाईन इलेक्ट्रिशियनकडून मागांच्या फेजवरून काढून दुसऱ्या फेजवर घेतली, विषय संपला. बोर्डाचे पैसे मी मागितले नाहीत, मागायला तोंडच नव्हतं.

त्यामुळं वहीत वेळ लिहा असं मी वर म्हटलंय ते उगाच नाही.

तुमच्याकडं मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसच्या जुन्या चार पिनी कनेक्टरवर मोजता येतं, मशीन चालू असताना, काळ्या वायरला काळी पिन धरून: पिवळ्यावर १२ व्होल्ट, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या आत, आणि लाल वायरवर ५ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५ च्या आत. हात थरथरत असेल तर हे करू नका, पिना एकमेकीला लागल्या की नवीन खर्च. आणि रीडिंग बरोबर आलं म्हणून एसएमपीएस निर्दोष असं समजू नका, क्षणभराचं बुडणं मल्टिमीटर दाखवत नाही. खरी परीक्षा एकच, कुणाचा तरी चालू, चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. नवा घ्यायची वेळ आली तर लेबलवरच्या ४५० वॅटवर जाऊ नका, हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागला तर तो ४५० नाही. जरा नावाचा, वॉरंटीवाला घ्या, तो पुढच्या मशीनला पण चालतो.

अर्थिंग पण बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. लोकांना वाटतं शॉर्ट झालाय, पण एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट पत्र्यावर येतच असतो, तो जमिनीत जायला वाट पाहिजे, वाट नसली की तो तुमच्या बोटातून जातो आणि यूएसबी, प्रिंटर, नेटवर्कच्या वायरीतून पण भटकत राहतो. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे.

बोर्डवर प्रोसेसरच्या भोवती छोटे डबे उभे असतात, कपॅसिटर, त्यांची डोकी सपाट पाहिजेत. एखादं फुगलं असेल किंवा वरून तपकिरी काहीतरी बाहेर आलं असेल तर दुकानदार बरोबर बोलतोय, बोर्ड आजारी आहे. पण त्यानं तुम्हाला ते बोट ठेवून दाखवलं पाहिजे. न दाखवता "बोर्ड गेला" म्हणाला असेल तर तो अंदाज आहे, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार आहात.

रॅमचं लवकर आटपतो. पट्टी बदललीय म्हणता, पण स्लॉट तोच आहे ना? पट्टी काढा, सोनेरी दात पोराच्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. स्लॉटमध्ये नुसती हवा मारायची, खोडरबर आत घालू नका. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) टाकून रात्रभर चालू ठेवा, सकाळी एकही लाल ओळ दिसता कामा नये. "एकच एरर आहे, चालतंय" असं रॅममध्ये नसतं, एक एरर म्हणजे टॅलीत एक आकडा चुकला असं समजा.

आता तुमचा हँग जर दुसऱ्या प्रकारचा निघाला, म्हणजे बाण हलतोय पण काही उघडत नाही, तर वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा आणि हार्डडिस्ककडं या. टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्के दाखवतंय पण प्रत्यक्षात एमबी मात्र एक-दोनच सरकतायत, आणि खाली अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत, तर डिस्क एकतर मरायला लागलीय किंवा तिला झेपत नाहीये. झेपत नाही म्हणजे काय, तर ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या) डिस्कला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, वर सुईला जागेवर जायला तेवढेच, म्हणजे इथून थोडं तिथून थोडं वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचणं होतं. विंडोज १० स्वतःच दोन जीबीच्या आसपास रॅम खातो, वर टॅली, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि क्रोमच्या बारा टॅब, ४ जीबी संपते आणि उरलेलं सगळं तो हार्डडिस्कवर ढकलायला लागतो. आठवड्याच्या बाजारात एकाच वजनकाट्यावर सगळ्या गावानं रांग लावल्यासारखं होतं.

मरायला लागलीय का हे बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळी बघा, त्यांच्या पुढच्या "रॉ व्हॅल्यूज" रकान्यातला आकडा शून्य पाहिजे. सी५ मध्ये काही आलं असेल तर त्या जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत, ती परत परत प्रयत्न करते आणि तेवढा वेळ तुमचं मशीन थांबून राहतं. अशा डिस्कवर चेकडिस्क मारू नका, तो मरणाऱ्या डिस्कला सगळं गाव फिरवून आणतो, आधी डेटा काढा. फॉरमॅट मारून पण हा आजार जात नाही, दोन दिवस लपतो. आणि सी७ नावाची ओळ वाढत असेल तर खूश व्हा, डिस्क बहुतेक ठीक आहे, साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी वायर) बदला, किरकोळ खर्चात सुटाल.

डिस्क मरत असो का तिला झेपत नसो, उपाय एकच, एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. तुमच्या जुन्या बोर्डवर साटाचा स्पीड अर्धाच मिळेल, बहुतेक एच६१ बोर्ड असणार, त्याला सेकंदाला ३ गिगाबिटचेच साटा पोर्ट असतात, पण काळजी करू नका, सेकंदाला शंभराच्या जागी हजारो वेळा वाचणं हा खरा फरक आहे आणि तो जुन्या बोर्डवर पण पूर्ण जाणवतो. सोबत रॅम ८ जीबी करा. एवढं केल्यावर हेच मशीन बिलिंगला अजून काही वर्षं काढेल.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर फॉरमॅटनंतर दुकानदारानं काय काय परत टाकलंय ते बघा. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक काढा, "पीसी फास्ट" करणारं काही असेल तर पहिल्यांदा ते काढा. आणि एक गंमत, टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते, दिसतं; बटण दाबून बंद करायची वेळ न आलेल्या मशीनवर, रोज संध्याकाळी शट डाउन केलं तरी, तिथं २०-२५ दिवस दिसू शकतात, कारण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं आणि शट डाउन म्हणजे अर्धी झोपच असते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारत जा, तो खरा बंद होऊन चालू होतो. इव्हेंट व्ह्युअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) "कर्नल पॉवर ४१" दिसला तर घाबरू नका आणि कुणाला घाबरवू पण देऊ नका, मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो, तुम्ही बटण दाबून बंद केलं त्याचीच ती नोंद आहे. डिस्कच्या नावानं ७ किंवा १५३ नंबर दिसले तर मात्र वरचा हार्डडिस्कचा परिच्छेद परत वाचा.

हार्डवेअर का सॉफ्टवेअर हा वाद मिटवायचा असेल तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) टाका, हार्डडिस्कची वायर काढून ठेवा, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि दुपारी बारा ते चार त्यावर यूट्यूब चालू ठेवा. तिथंही गोठलं तर विंडोज आणि हार्डडिस्क दोघंही निर्दोष, गरमी, पॉवर, रॅम, बोर्ड एवढेच उरले. नाही गोठलं तर बोर्ड बहुतेक वाचला. एका पेन ड्राइव्हवर एवढी माहिती मिळते तरी हे कुणी करत नाही कारण ह्याचं बिल लावता येत नाही.

नवीन घ्यायचा का? ते खर्च कुठं पडतो त्यावर आहे. एसएसडी आणि एसएमपीएसवर घातलेले पैसे वाया जात नाहीत, दोन्ही पुढच्या मशीनला लागतात. ह्या मशीनची डीडीआर३ प्रकारची रॅम पुढच्या मशीनला लागत नाही, म्हणून ती जुनी, तपासून घेतलेली चालेल. पण सगळं करून बोर्डच गेलेला निघाला तर ह्या मशीनसाठी जुना बोर्ड शोधत फिरू नका, तोही तेवढ्याच वयाचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी रुईत वाढलेला असणार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि सेकंड जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळं हे मशीन कधीतरी बदलायचंच आहे, पण तो निर्णय तुमच्या सोयीनं घ्या, रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी हँग झालाय म्हणून नको. आणि कुणी विंडोज ७ टाकून देतो म्हणाला तर हात जोडा, २०२३ पासून नवीन क्रोम त्यावर येतच नाही, जीएसटीच्या साईटवर अडकून बसाल.

तर दादा, उद्या आधी डेटा काढा, मग साफसफाई आणि त्या चार पिना, मग टेबलफॅन लावून एक दुपार. एका वेळी एकच गोष्ट बदला, चार एकदम बदलल्या तर कशानं बरा झाला तेच कळणार नाही. दुपारी हँग झालाच तर खाली माग काय करत होते आणि कॅप्स लॉकच्या लाईटचं काय झालं, तेवढं इथं कळवा, पुढचं त्यावर सांगतो.